जिल द रेचं चरित्र जुन्या बाजारात घेताना

पुस्तक हातात आलं की आधी मागून उघडा. जिल द रे या पंधराव्या शतकातल्या फ्रेंच सरदाराच्या चरित्राची जुनी प्रत घेण्याजोगी आहे की नाही, हे मुखपृष्ठावरून कळत नाही आणि पहिल्या प्रकरणावरूनही कळत नाही. मागच्या पानांत १४४० सालच्या खटल्याचे कागद छापलेत का, आणि त्या कागदांत आईबापांच्या जबान्या आहेत का, एवढं बघा. असतील तर प्रत खिळखिळी असली तरी घ्या. नसतील तर कितीही स्वस्त मिळाली तरी थोडं थांबा.

मी फ्रान्समधल्या नांत शहरात राहते. याच शहरात जिलवर खटला चालला आणि इथेच २६ ऑक्टोबर १४४० रोजी त्याला फाशी दिलं गेलं. पुण्या-मुंबईतल्या फ्रेंच शिकणाऱ्या, मध्ययुगाचा नाद लागलेल्या ओळखीच्या मंडळींना मी इथून जुनी पुस्तकं पाठवते. या एका माणसाच्या चरित्रांबद्दल वरचेवर विचारणा होते, म्हणून सगळं एकदा सविस्तर लिहिते आहे.

ज्यांना माणूसच ठाऊक नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. ब्रिटनी आणि आंजूच्या सीमेवरचा हा अफाट श्रीमंत सरदार. १४२९ मध्ये ऑर्लेआंचा वेढा उठवताना तो जान दार्कच्या, म्हणजे जोन ऑफ आर्कच्या, सोबत लढला. त्याच वर्षी रँस शहरात फ्रान्सचा राजा सातवा शार्ल याचा राज्याभिषेक झाला आणि जिलला मार्शल हा लष्करी किताब मिळाला. पुढच्या दहा वर्षांत त्याने जमिनी आणि किल्ले विकून पैसा उधळला. इतका, की १४३५ मध्ये राजाला त्याच्या मालमत्तेच्या विक्रीवर बंदी घालावी लागली. १५ सप्टेंबर १४४० रोजी माशकूलच्या किल्ल्यात त्याला पकडलं. दोन न्यायालयं बसली. धर्मपीठाचा प्रमुख होता नांतचा बिशप जाँ द मालेस्त्र्वा, आणि दिवाणी, म्हणजे धर्मपीठाबाहेरच्या, न्यायालयाचा पिएर द लोपिताल. मुलांना पळवून नेऊन मारल्याचा आरोप होता. धर्मपीठापुढच्या आरोपपत्रात आकडा आहे १४० किंवा त्याहून अधिक.

आता मागच्या पानांवर माझा एवढा जोर का, ते सांगते. ला रोश-बेर्नार गावच्या पेरोन लोसार नावाच्या बाईची जबानी वाचा. जिल त्या गावी मुक्कामाला होता. त्याचा नोकर प्वातू तिच्या दहा वर्षांच्या मुलाला मागायला आला. पोरगा हुशार होता, शाळेत जायचा. प्वातूने सांगितलं, याची शाळा सुटू देणार नाही, आणि तुला कपड्यासाठी शंभर सू देईन. प्रत्यक्षात आणले चार लिव्र, म्हणजे ऐंशी सू, वीस कमी. ती तिथल्या तिथे त्याबद्दल बोलली. मुलगा पुन्हा कुणालाच दिसला नाही. माशकूलच्या जाँ जूदोँचा बारा वर्षांचा मुलगा गियोम इलेरे नावाच्या कातडी-लोकर कमावणाऱ्याकडे उमेदवारी करत होता. निरोप पोचवायला म्हणून नेला आणि नेला तो नेलाच. ही माणसं गरीब होती, त्यांचा दुसरा कुठलाही इतिहास उरलेला नाही. खटल्याच्या कागदांत त्यांचं नाव, गाव आणि धंदा लिहिलेला आहे. ज्या चरित्रात ही माणसं गाळून फक्त किल्ल्यातली भुतंखेतं, किमयागार आणि रक्त उरतं, ते पुस्तक मला अर्धं वाटतं. म्हणून माझी निवड याच कसोटीवर चालते.

या कसोटीवर सगळ्यात वर येतं आबे युजेन बोसारचं फ्रेंच चरित्र. पॅरिसच्या शांपियों या प्रकाशकाने ते १८८५ मध्ये काढलं आणि १८८६ मध्ये दुसरी आवृत्ती आली. रने द मोल्दने जमवलेले मूळ कागद त्याच्या मागे जोडलेले आहेत: धर्मपीठाचे लॅटिनमधले, दिवाणी चौकशीचे जुन्या फ्रेंचमधले. बोसार पाद्री होता, त्याचं निवेदन जड आणि उपदेशाकडे झुकणारं आहे. पण त्याच्यानंतरचा जवळपास प्रत्येक लेखक त्याच्या खांद्यावर उभा आहे. विकत घेण्याआधी फ्रान्सच्या राष्ट्रीय ग्रंथालयाच्या गालिका या संग्रहात ते फुकट चाळून बघा. त्यावरून दोन गोष्टी कळतील: आपल्याला ही फ्रेंच झेपते का, आणि पूर्ण प्रतीत शेवटी काय काय असायला हवं. दुसरी गोष्ट फार उपयोगाची आहे. एकोणिसाव्या शतकातल्या अशा ग्रंथांत परिशिष्टाला बरेचदा रोमन अंकांत वेगळे पृष्ठक्रमांक असतात. विक्रेत्याला नुसतं ‘किती पानं?’ विचारलं तर तो मुख्य मजकुराचा आकडा सांगून मोकळा होतो. ‘मागचे मूळ दस्तऐवज आहेत का, शेवटच्या पानाचा फोटो पाठवा’, असं विचारा. नंतरची पुनर्मुद्रणं घेतानाही हाच प्रश्न आधी विचारा.

दुसरं पुस्तक जॉर्ज बातायचं. नाव खटल्याचं असलं तरी सुरुवातीला जिलच्या आयुष्यावर त्याचा दीर्घ निबंध आहे, आणि धर्मपीठाच्या लॅटिन कागदांचं फ्रेंच भाषांतर पिएर क्लोसोव्स्कीने केलेलं आहे. फ्रेंच चांगलं येत असेल आणि एकच प्रत घ्यायची असेल तर मी हेच सांगेन. पहिली आवृत्ती १९५९ ची, क्लब फ्रांसे दु लिव्र या वाचक-मंडळाची, सभासदांसाठी पुठ्ठ्याच्या बांधणीत काढलेली. दुसरी १९६५ ची, जाँ-जाक पोवेरची. जपून ठेवायला १९५९ ची देखणी आहे; वाचायला, समासात पेन्सिलने खुणा करायला १९६५ ची पुरते. इंग्रजीत रिचर्ड रॉबिन्सनने केलेलं भाषांतर लॉस एंजेलिसच्या अमोक बुक्सने १९९१ मध्ये छापलं. ज्यांना फ्रेंच येत नाही त्यांनी आधी हे शोधावं. रेजिनल्ड हायॅटने १९८४ मध्ये फेअरली डिकिन्सन विद्यापीठाच्या प्रकाशनाकडून खटल्यांचं इंग्रजी भाषांतर काढलं, तेही याच कामाचं. विद्यापीठीय पुस्तक असल्याने त्याच्या ग्रंथालयांतून बाद झालेल्या प्रती बाजारात येतात. ‘ग्रंथालयाची प्रत’ म्हटल्यावर पुष्कळजण नाक मुरडतात. मला वाचनासाठी त्या आवडतात: शिक्के असतात, खिसा चिकटवलेला असतो, पण बांधणी मजबूत आणि पानं बहुधा स्वच्छ.

इंग्रजीतली रूढ अर्थाची चरित्रं म्हणजे डी. बी. विंडहॅम लुईसचं १९५२ चं, जाँ बेनेडेट्टीचं १९७१ चं आणि लेनर्ड वुल्फचं १९८० चं. विंडहॅम लुईस कट्टर कॅथलिक, त्याला जिलच्या आत्म्याची काळजी आहे. बेनेडेट्टी हे नाव आपल्याकडच्या नाटकवाल्यांना ओळखीचं वाटेल. स्तानिस्लाव्स्कीवर लिहिणारा तो हाच. त्याचं पुस्तक लंडनला पीटर डेव्हिसने काढलं आणि पुढच्या वर्षी अमेरिकेत स्टाइन अँड डे यांनी. मजकुरासाठी दोन्हींतली कुठलीही घ्या, मात्र कागद आणि जॅकेट नीट बघून. अलीकडच्या फ्रेंच इतिहासकारांपैकी जाक एर्सचं १९९४ चं आणि मातेई काझाकूचं २००५ चं चरित्र जुन्या बाजारात सहज सापडतं. एर्स जिलभोवतीच्या दंतकथा सोलून काढतो आणि पैसा, जमीन, सरदारकी यांवर भर देतो. बोसार वाचून डोकं जड झालं की एर्स घ्यावा.

जिल निर्दोष होता असं सांगणारी पुस्तकंही ढिगात भेटतील. १९९२ मध्ये पॅरिसच्या लुक्सांबूर राजवाड्यात एक प्रतीकात्मक न्यायालय भरवून त्याला दोषमुक्त ठरवलं गेलं. कायद्याच्या दृष्टीने त्याला काहीच अर्थ नव्हता, पण पुस्तकं मात्र खपली. ब्रिटनीचा ड्यूक पाचवा जाँ आणि बिशप मालेस्त्र्वा यांचा त्याच्या जमिनींवर डोळा होता, हा मुद्दा खरा आणि वजनदार आहे. पण पेरोन लोसारचं काय, याला त्या पुस्तकांतून समाधानकारक उत्तर मला मिळालेलं नाही. आधी दस्तऐवजांची प्रत घ्या, ती पचली की मग ही वाचा.

शोधताना नावाचा घोळ सांभाळावा लागतो. आडनाव रोमन लिपीत चार तऱ्हांनी लिहिलेलं सापडतं: आर-ए-आय-एस, आर-ए-वाय-एस, आर-ए-आय-झेड आणि आर-ई-टी-झेड. चारही टाकून बघा. शेवटच्या तऱ्हेने शोधलंत की कार्डिनल द रे या सतराव्या शतकातल्या दुसऱ्याच गृहस्थाच्या आठवणींचे खंड पडद्यावर येतील, त्यांच्याकडे दुर्लक्ष करा. काही ग्रंथसूचींत तो जिल द लावाल म्हणूनही असतो. ‘बार्ब-ब्ल्यू’, म्हणजे निळी दाढी, हा शब्द टाकून वेगळा शोध घ्या, कारण कित्येक चरित्रांच्या नावात तो आहे. परीकथाकार पेरोच्या १६९७ च्या गोष्टीतला निळ्या दाढीचा माणूस बायकांना मारतो. जिलला बायको एकच होती, कातरीन द तुआर, आणि ती त्याच्यामागे जिवंत राहिली. जॅकेटवर घाबरलेली बाई, कुलूप, किल्ली असं काही दिसलं तर समजा की प्रकाशकाने गोष्ट विकली आहे. आतला मजकूर तरीही चांगला असू शकतो, तेव्हा उघडून बघाच. चिलखतातला रुबाबदार दाढीवाला दिसला तर ते १८३५ मध्ये फेरोनने व्हर्सायसाठी काढलेलं कल्पनाचित्र. जिलच्या हयातीतलं चित्र समजून त्यासाठी जास्त पैसे मोजू नका. १९७० च्या आधीच्या प्रतींना आयएसबीएन नसतो, तेव्हा क्रमांकाने न शोधता लेखक आणि वर्ष टाकून शोधा. आणि कादंबऱ्यांपासून सावध राहा: वुइस्मांसची १८९१ ची आणि मिशेल तुर्नियेची १९८३ ची कादंबरी विक्रेते सर्रास चरित्रांच्या रांगेत लावतात. दोन्ही वाचनीय आहेत, पण चरित्रं नव्हेत.

कुठे शोधायचं? पॅरिसला येणार असाल तर सेन नदीच्या कठड्यावरच्या हिरव्या पेट्या सगळ्यांनाच ठाऊक असतात. डाव्या काठाला तूर्नेलपासून व्होल्तेरच्या धक्क्यापर्यंत चालत जा, दुपारनंतर जा आणि पावसाच्या दिवशी जाऊ नका, पेट्या बंद असतात. तिथे पर्यटकांसाठी पोस्टरं फार, तरी इतिहास ठेवणारे विक्रेते अजून आहेत. त्यांना थेट नाव सांगा. पेटीत नसलं तर घरच्या साठ्यातून आणून देणारेही आहेत. माझा जास्त भरवसा पंधराव्या विभागातल्या जॉर्ज ब्रासांस उद्यानाच्या बाजारावर. रू ब्रांसियोंवर, जुन्या घोडेबाजाराच्या छपराखाली, शनिवार-रविवारी जुन्या पुस्तकांचे गाळे लागतात. छप्पर असल्याने पावसाची भीती नाही आणि पुस्तक मागून-पुढून निवांत चाळलं तरी कुणी हटकत नाही.

नांतला आलात तर शनिवारी सकाळी प्लास व्हियार्मच्या जुन्या बाजारात चक्कर मारा. पुस्तकं तिथे भांडी, दिवे, जुन्या चित्रांच्या चौकटी यांच्या मधोमध खोक्यांत असतात. स्थानिक इतिहासाचं खोकं मागा. बोसार असा अचानक निघतो. एमाऊस या संस्थेच्या दुकानांतही जा, घरं रिकामी करताना लोक तिथे सगळी कपाटं देऊन टाकतात. रेनजवळचं बेशेरेल हे ब्रिटनीतलं छोटंसं गाव १९८९ पासून पुस्तकांचं गाव म्हणून ओळखलं जातं. आपलं भिलार तसंच, फक्त भिलारला बसून वाचायचं आणि बेशेरेलला विकत घ्यायचं. ब्रिटनीच्या इतिहासाचा साठा तिथल्या दुकानांत उत्तम असतो. आणि जायच्या आधी फोन करा, आठवड्यातल्या मधल्या दिवसांत बरीच दारं बंद असतात.

भारतातून मागवायचं तर इंटरनेटशिवाय गत्यंतर नाही. एबबुक्ससारख्या ठिकाणी फ्रेंच आणि इंग्रजी दोन्ही प्रती सापडतात. फ्रेंच विक्रेत्यांची वर्णनं आटोपशीर असतात, त्यातले काही शब्द ओळखून ठेवा. ‘ब्रोशे’ म्हणजे कागदी वेष्टनाची, ‘रेलिए’ म्हणजे पक्क्या बांधणीची. ‘रूसर’ म्हणजे कागदावरचे तांबूस ठिपके; बोसारच्या प्रतींत ते असणारच, वाचनाला त्रास नाही. ‘मुयूर’ म्हणजे पाणी लागल्याचा डाग; हा शब्द दिसला की फोटो मागा. ‘नॉं कूपे’ म्हणजे पानांच्या कडा अजून कापलेल्या नाहीत, म्हणजे पुस्तक कुणी वाचलेलंच नाही. अशी प्रत आली तर बोटाने फाडू नका. बोथट, पातळ सुरीने किंवा जाड कार्डाच्या कडेने सावकाश कापा. ‘आंव्वा’ शब्दाला किंमत चढते, कारण त्याचा अर्थ लेखकाने सही करून कुणाला तरी भेट दिलेली प्रत.

आवृत्ती ओळखायला फ्रेंच पुस्तकाचं शेवटचं छापील पान बघा. छपाई कुठल्या महिन्यात आणि कुठल्या छापखान्यात पुरी झाली ते तिथे बहुधा लिहिलेलं असतं. वाचक-मंडळांच्या प्रतींत प्रतीचा क्रमांकही तिथेच असायचा. विक्रेता ‘पहिली आवृत्ती’ म्हणतो आणि त्या पानाचा फोटो द्यायला टाळाटाळ करतो, तर पुढे जा. इंग्रजी पुस्तकात शीर्षकामागचं पान बघा, आणि जॅकेटच्या आतल्या घडीवर किंमत छापली आहे का तेही. किंमत छापलेलीच नसेल तर बुक-क्लबची प्रत असण्याची शक्यता मोठी. मजकूर तोच, पण पहिल्या आवृत्तीचा भाव देऊ नका.

प्रत हातात घेऊन तपासायची संधी मिळाली तर पुस्तक अर्ध्यावर उघडून कणा बघा. बोसारचा ग्रंथ जाडजूड, त्यामुळे कागदी वेष्टनातल्या प्रती मधोमध दुभंगतात आणि शेवटची पानं सुटून हरवतात. आपल्याला हवी असतात नेमकी तीच पानं. म्हणून कुणी तरी नंतर अर्ध्या चामड्यात बांधून घेतलेली प्रत मिळाली तर मी थोडे जास्त पैसे देते. मात्र बांधताना कडा इतक्या छाटलेल्या नसाव्यात की टिपांचा मजकूर कापला जाईल. मग वास घ्या. जुन्या कागदाचा कोरडा वास चालतो. तळघराचा दमट वास आला तर आत बुरशी आहे, आणि ती कोकणातल्या किंवा मुंबईतल्या पावसाळ्यात तुमच्या कपाटातल्या शेजारच्या पुस्तकांवरही पसरेल. असली प्रत मी कुणालाही पाठवत नाही.

आधीच्या वाचकाच्या पेन्सिल-खुणांना मात्र घाबरू नका. या भागातून निघालेल्या प्रतींत वाचकांनी गावांची नावं अधोरेखित केलेली असतात: माशकूल, तिफोज, शांतोसे, बूरनफ. स्वतःच्या गावाचं नाव खटल्यात सापडलं म्हणून केलेल्या त्या खुणा. मला अशी प्रत कोऱ्या प्रतीपेक्षा मोलाची वाटते. शाईच्या किंवा हायलायटरच्या रेघा असतील तर भाव कमी करून मागा.

युरोपीय संघात राहणाऱ्यांनी लक्षात ठेवावं: व्यावसायिक विक्रेत्याकडून दूरवरून मागवलेली वस्तू मिळाल्यापासून १४ दिवसांत परत करता येते, जुनं पुस्तकही. परिशिष्ट नसलेली प्रत आली तर हा हक्क बेलाशक वापरा. खासगी माणसाकडून घेतलं तर हे लागू नाही, तेव्हा फोटो आधी.

भारतात मागवताना टपालाचा खर्च पुस्तकाच्या किमतीहून जास्त पडू शकतो. म्हणून एकाच विक्रेत्याकडून दोन-तीन पुस्तकं एकत्र घ्या, किंवा येणाऱ्या-जाणाऱ्या ओळखीच्या माणसाकडे द्या. २०१९ च्या अर्थसंकल्पात बाहेरून येणाऱ्या छापील पुस्तकांवर ५ टक्के आयात शुल्क लावलं गेलं. मागवण्याआधी चालू दर तपासा आणि विक्रेत्याला पार्सलवर खरी किंमत आणि ‘जुनं छापील पुस्तक’ असं स्पष्ट लिहायला सांगा. आत प्लॅस्टिकचं वेष्टन, त्यावर पुठ्ठा आणि कोपऱ्यांना जादा पुठ्ठा हवा, कारण दणका कोपऱ्यांनाच बसतो. घरी आल्यावर प्लॅस्टिक लगेच काढा, आतली ओल आतच कोंडते. पुस्तक पंख्याखाली दोन दिवस उभं ठेवा, उन्हात ठेवू नका.

आणि कुणाला भेट देणार असाल तर आधी विचारून द्या. जिलने २२ ऑक्टोबरला दिलेला कबुलीजबाब आणि त्याचे नोकर आंरिए व प्वातू यांच्या जबान्या यांत मुलांच्या छळाचं वर्णन उघडं आहे, दस्तऐवजांच्या कुठल्याही चांगल्या प्रतीत ते असणार. कॉलेजातल्या भाचीने मागितली तेव्हा मी तिला आधी एर्स दिला, मग दिवाणी चौकशीची पानं वेगळी काढून आईबापांच्या जबान्या वाचायला दिल्या. बाकीचं तिने स्वतः ठरवून, सहा महिन्यांनी वाचलं.